भांड्यांचा कॅटलॉग आणि रेसिपीचं पुस्तक एकत्र करायचंय, मांडणी कशी करू?

राजवाडाशेजारी:
नमस्कार मंडळी. इंदूरला बर्तन बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं, आता मी आणि नवरा बघतो. दर दिवाळीला नुसती भावाची यादी छापतो आणि ती आठवड्याभरात रद्दीत जाते. यंदा वाटतंय सासूबाईंच्या रेसिपी आणि आमचा माल असं एकच पुस्तक करावं, म्हणजे ते लोकांच्या स्वयंपाकघरात राहील. ४० रेसिपी जमल्यात. डिझायनर म्हणतो पुढे रेसिपी आणि मागे सगळी भांडी एकत्र टाका, पण मला ते पटत नाहीये, मागची पानं कोण उघडणार? आणि किमती छापाव्यात का? पितळ-तांब्याचे भाव तर सारखे हलतात.

शाई_कागद:
ताई, किमती पुस्तकात अजिबात छापू नका. प्रत्येक भांड्याला कोड नंबर द्या आणि भावाचा एक सुटा कागद आत सरकवा, भाव बदलला की तेवढाच कागद नवा छापायचा. दुसरं म्हणजे पानांचा हिशोब. एका बाजूला रेसिपी, समोर भांडं असं केलं तर ४० रेसिपींची ८० पानं होतात आणि तेवढ्या आर्ट पेपरला (गुळगुळीत, चकचकीत कागद) सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना, मारली तर पुस्तक फुगतं, नीट मिटत नाही. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंद लावून चिकटवलेलं, केलं तर ओट्यावर उघडं राहत नाही, कणकेच्या हाताने कोण धरून बसणार? २५-२६ रेसिपी निवडा, सेंटर पिनला एकूण पानं ४ च्या पटीतच लागतात हे लक्षात ठेवा. फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके, म्हणजे छापून स्पष्ट येतात) द्या आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, करून मगच प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघा. माझ्याच एका कामात पितळी पातेली स्क्रीनवर सोन्यासारखी दिसत होती, आणि छापून आली ती मातकट, सगळं परत छापावं लागलं. स्टीलचा फोटो काढताना खिडकीला पांढरा पडदा लावा नाहीतर कढईत फोटो काढणाराच दिसतो.

मालव्यातली_काकू:
तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे गं. भांडं रेसिपीशेजारी हवं, पण कुठलंही नाही, ज्याच्यामुळे पदार्थ साधतो तेच. आता भुट्ट्याचा कीस घे. कणसं किसताना किसणीची भोकं फार बारीक असली तर नुसतं पाणी सुटतं, मोठी असली तर साल तोंडात येते, मधली हवी. मग तुपात परतायचा आणि दूध घालून आटवायचा, तेव्हा पातळ बुडाच्या कढईत खाली धरतोच, कितीही ढवळ. म्हणजे त्या पानावर मधल्या भोकांची किसणी आणि जाड बुडाची कढई, बस्स, बाकी काही नको. पुरणपोळीला पुरणयंत्र दाखव पण खाली लिही की चाळणीवर घासूनही होतं, खरं सांगितलंस की लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात. चिंच-कोकमाची आमटी असेल तर पितळी पातेल्याला कल्हई हवी हे ठळक छाप. आणि गं, "एक वाटी" म्हणजे कोणाची वाटी? सासूबाईंची वाटी मोजून पहिल्याच पानावर मिली लिही.

नवी_चूल:
प्रत्येक भांड्याला इंडक्शनवर चालतं की नाही ही खूण टाका प्लीज. नुसतं अ‍ॅल्युमिनियम किंवा तांबं त्यावर तापत नाही, मी लग्नानंतर घेतलेली दोन भांडी तशीच पडून आहेत, दुकानात कोणी बोललंच नव्हतं. आणि कुकर किती लिटरचा किती माणसांना पुरतो हे लिहा, सोबत डाळीला अर्ध्याच्या वर भरायचा नाही हेही.

राजवाडाशेजारी:
खूप आभार सगळ्यांचे. काकू, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या उठल्या आणि त्यांची रोजची वाटी घेऊन आल्या, काठाला चेपलेली, माहेरून आणलेली. मोजली तर १६० मिली भरली आणि दुकानातली वाटी २०० ची निघाली! म्हणजे बेसनाच्या वड्यांचं सगळं प्रमाणच चुकलं असतं. आता त्या ग्रॅममध्ये सगळं परत करून बघणार आहेत, एकेक रेसिपी, गराडूपासून (आमच्याकडचा तळलेला कंद) सुरुवात. डिझायनरला रेसिपी समोर, भांडं शेजारी असं सांगितलंय आणि भावाचा कागद सुटा. दादा, कव्हरला मॅट लॅमिनेशन करू का ग्लॉसी, तेलाचे हात लागणार त्याला?

शाई_कागद:
ग्लॉसी. मॅटवर तेलाचा डाग दिसतो, ग्लॉसी ओल्या फडक्याने पुसलं जातं.