घरातली गोम: मारायची, बाहेर सोडायची की राहू द्यायची?

अनगोळकर
पावसाळा लागला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी हाच प्रकार. मोरीतून गोम निघते, एकजण ओरडतो, दुसरा चप्पल घेऊन धावतो. यंदा आमच्या गल्लीत वर्गणी काढून सगळ्यांच्या मोऱ्या आणि गटारीत औषध फवारायचं ठरतंय. मी वर्गणी द्यायला नकार दिलाय. त्यावरून बरीच बोलाचाली झाली, म्हणून माझं म्हणणं सविस्तर मांडतो.

आपण सरसकट 'गोम' म्हणतो त्यात तीन वेगळे जीव असतात. एक, मातीतली बारीक दोऱ्यासारखी गोम. तिचा दंश माणसाच्या कातडीत सहसा शिरतच नाही. दुसरी लांब, केसासारख्या पायांची, भिंतीवरून सर्रकन पळणारी. तिला पायांच्या 15 जोड्या असतात आणि ती रात्रभर झुरळं, कसर, कोळी खात फिरते. तिसरी घोण. जाड, तांबूस-काळी, बहुतेक वेळा 21 जोड्या पायांची. ही चावली तर खरंच कळ येते. भीती घोणीची आणि मार मात्र तिघींना, हे मला पटत नाही.

गोम घरात येते ती ओलाव्यासाठी. तिच्या अंगावर किड्यांसारखं मेणाचं आवरण नसतं, त्यामुळं कोरड्या जागी ती सुकून मरते. बाहेर जमिनीत पाणी भरलं की ती वर येते आणि न्हाणी, जळणाचा ढीग, चिऱ्यांच्या भेगा अशी दमट पण न बुडणारी जागा धरते. घरात झुरळं असली तर मुक्काम वाढवते. मग झुरळं आणि ओल तशीच ठेवून फवारणी कसली करायची? औषध वरवर बसणार, गोम भेगेत आत. आणि गटारीतलं ते पाणी शेवटी बळ्ळारी नाल्याला जाऊन आपल्याच भातशेतात पसरणार.

आरती_शहापूर
तुमचं सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण हे लिहिताना तुमच्या घरात रांगतं मूल नाही हे कळतं.

आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहतो. जुनं घर, फरशीखालून ओल येते, मालकांना सांगून काही होत नाही. बाळ जमिनीवर गादी टाकून झोपतं. रात्री उठून मी पहिल्यांदा बॅटरी मारून गादीच्या कडा बघते, मग त्याला दूध पाजते. त्या वेळी समोरून पळाली ती 15 जोड्यांची की 21 जोड्यांची हे मी मोजत बसू? लहान मुलाला घोण चावली तर तेवढ्याशा अंगात तेच विष जास्त त्रास देतं. मी तिन्ही मारते आणि मारत राहणार. वर्गणीलाही माझा पाठिंबा आहे.

जांबोटीकडचा
आमच्याकडं शेणखताच्या खड्ड्यात, पाचोळ्यात, कौलाच्या फटीत गोमा असतातच ओ. कुणी कुणी मारणार? रोप लावताना चिखलात हाताखाली येतात. घोण दिसली तर आम्ही पण ठेचतो, ते खोटं बोलत नाही. पण ती भिंतीवरून पळणारी गोम बघून पोरं रडूलाली की मी त्यांना लांबनंच दाखवतो, बघ झुरळ धरली ती. कोंबड्या पाळा. कोंबडी गोम सोडत नाही, विंचू-इंगळी पण सोडत नाही. शहरात ते जमणार नाही हे मान्य.

आणि एक. पावसात अंगणात काळी गोल वेटोळं करून पडते ती वाणी, गोम नव्हे. ती सडका पाला खाती, चावत नाही. तिला पण मीठ घालून मारणारे बघितलेत मी. कशाला?

परिचारिका_बेळगाव
पावसाळ्यात दवाखान्यात घोण चावलेले लोक येतात, म्हणून यावर लिहिणं भाग आहे.

घोण शेपटीनं डंख मारत नाही. डोक्याखालच्या पहिल्या पायांच्या जोडीचे विषारी आकडे झालेले असतात, त्यांनी ती टोचते. दोन बारीक लाल ठिपके दिसतात, जळजळ आणि सूज येते, कधी काखेत किंवा जांघेत गाठ दुखते. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. जगभरात मृत्यूच्या नोंदी फार थोड्या आहेत. जागा साबणानं धुवा, सोसेल इतक्या गरम पाण्यात धरा किंवा बर्फ लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. चिरा देऊ नका, चुना-तंबाखू लावू नका. श्वास लागला, तोंड सुजलं, अंगावर गांध्या उठल्या, किंवा चावलेलं मूल लहान असेल, तर थेट डॉक्टरांकडं.

कानात गेली तर काडी, पिन काहीही घालू नका. पडद्याला भोक नसेल, कान वाहत नसेल, तर कोमट खोबरेल तेलाचे थेंब टाकून कान वर करून झोपवा आणि दवाखान्यात आणा. मिठाच्या पाण्याचे प्रयोग नकोत.

आरतीताई, तुमची काळजी बरोबर आहे. पण रांगत्या बाळाच्या खोलीत कीटकनाशक मारणं हाही धोकाच आहे. ते औषध फरशीवर बसतं आणि बाळाचे हात फरशीवरून तोंडात जातात.

मागावरचा_वडगाव
आमच्या घरी खड्ड्याचा माग होता. पाय खाली ओलसर खड्ड्यात सोडून दिवसभर बसायचं. आजी गोमेला लक्ष्मी म्हणायची, मारू द्यायची नाही, हळदकुंकू टाकून वाट मोकळी करायची. मी लक्ष्मीबिक्ष्मी मानत नाही. पण त्या भीतीपोटी का होईना, आमच्या घरात बसण्याआधी खड्डा झाडायची आणि पाय सोडण्याआधी काठी फिरवायची सवय सगळ्यांना होती. आता माग गेला, सवय गेली आणि बाटलीतला स्प्रे आला.

निपाणी_वेदगंगा
2019 च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी उतरल्यावर घरात परत आलो तेव्हा गाळात, भिजलेल्या गाद्यांत, भांड्यांच्या मांडणीत काय काय होतं ते बघितलेला माणूस 'राहू द्या' म्हणणार नाही. आम्ही सगळं काढून जाळलं, धुतलं, औषधही मारलं. अनगोळकर, तुम्ही पर्यावरण सांगताय, आम्हाला त्या घरात रात्री झोपायचं होतं.

अनगोळकर
पुरानंतरची गोष्ट वेगळीच आहे, तिथं मी फवारणीला विरोध करणार नाही. आमच्या गल्लीत पूर आलेला नाही, तुंबलेली गटार आहे.

आरतीताई, घोण मारू नका असं मी म्हटलेलं नाही. बाळाच्या गादीजवळची कुठलीही गोम मी स्वतः काढेन. माझं म्हणणं वर्गणीच्या पैशाबद्दल आहे. त्याच पैशातून प्रत्येक मोरीला बारीक छिद्रांची जाळी, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी आणि फरशीच्या भेगांत सिमेंट होईल. गाद्या भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकू नये, बूट झटकून घालावेत. जळण आणि जुनी पोती भिंतीला लावून ठेवू नयेत. ही कामं टिकतात. फवारणी मोठ्या दोन पावसांत धुऊन जाते.

आरती_शहापूर
जाळी आणि सिमेंट मालकाच्या परवानगीशिवाय मला लावता येत नाही, हे भाड्यानं राहणाऱ्याला विचारा. तुमच्यासारख्या घरमालकांनी आधी आपापल्या भाडेकरूंच्या मोऱ्यांना जाळ्या बसवून द्या, मग फवारणी नको म्हणा. परिचारिका ताईंचं पटलं, बाळाच्या खोलीत औषध मारू देणार नाही. पण गल्लीची गटार आणि बाहेरची भिंत यांना मारायला माझं 'हो' आहे.

अनगोळकर
मागच्या खोल्या आम्हीही भाड्यानं दिल्यात. जाळ्या या आठवड्यात बसवतो, खर्च माझा. गटारीत औषध टाकायला मात्र माझं 'नाही'च राहील, आणि ते मी बैठकीत उभं राहून सांगणार.

जांबोटीकडचा
गटार उपसायला माणसं लागली तर सांगा. पाणी वाहतं झालं की निम्म्या गोमा आपोआप जातील.