मोठेपणी दात सरळ करताना: तारा की अलायनर? आपापले अनुभव लिहा

कैरीपन्हं
काल माळा आवरताना स्टीलची एक चपटी डबी सापडली. उघडली तर आत माझी गुलाबी प्लेट! सहावीत असताना गिरगावातल्या डॉक्टरांनी दिलेली. पुढे एक तार, टाळूला चिकटणारं ॲक्रिलिक आणि मधोमध बारीक स्क्रू. दर रविवारी जेवणं झाली की आई मला खिडकीपाशी उजेडात बसवून चावीने तो स्क्रू पाव फेरा फिरवायची. मी ती प्लेट शाळेत जाताना दप्तरात आणि आई दिसली की तोंडात, अशी वर्षभर "वापरली". दात होते तिथेच. शेवटी डॉक्टरांनीच हात जोडले आणि डबी माळ्यावर गेली.

आता मी ४१. ओठ मिटून हसायची इतकी सवय की नवरा म्हणतो, फोटो काढायला आलीस की पासपोर्ट काढायला? ते एक वेळ चाललं असतं, पण खालचे पुढचे दात गेल्या पाच-सहा वर्षांत आणखी दाटलेत, एकावर एक चढून बसलेत. फ्लॉस आत जात नाही, हिरडीतून रक्त येतं. दादरला ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात सरळ करणारे तज्ज्ञ) गेले. सिरॅमिक ब्रेसेस (म्हणजे ताराच, पण दाताच्या रंगाच्या चकत्यांवर बसवलेल्या) ७० हजार, अलायनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, एकामागून एक नंबराने बदलत जायचे) पावणेदोन लाख, वेळ दोन्हीला साधारण दीड वर्ष. "तुमच्या केसमध्ये दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." हे 'तुम्ही ठरवा' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तिशीनंतर ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. क्लिनिकच्या जाहिराती नकोत प्लीज.

फास्टलोकल
अलायनर, १४ महिने झाले. २२ तास घालायचे म्हणजे काय ते आधी नीट समजून घे. खाणं, चहा, ब्रश सगळं मिळून दोन तास उरतात. पाणी सोडून काहीही प्यायचं तर काढायचे. आमच्या लेडीज डब्यात आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस, दिवा स्टेशन गेलं की ढोकळ्याचा डबा फिरायला लागतो. एका हातात कडी, दुसऱ्यात पर्स, अलायनर काढू कशाने? पहिला महिना मैत्रिणीच्या पाठीआड तोंड लपवून काढायचे. नंतर लाज संपली, आता चौथ्या सीटवर बसून आरामात काढते आणि डबीत टाकते.
चहा पाचचे दोन कप झाले. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं ते दातांनी नाही, चहाच्या तलफेने.

बटाटावडा
वय ४४, साध्या धातूच्या तारा. दोन वर्षं. कारण एकच, मी स्वतःला ओळखतो. चष्मा दोनदा लोकलमध्ये राहिलाय, छत्री दर पावसाळ्यात नवी. जे काढता येतं ते माझ्याकडे टिकत नाही. तारा तरी तोंडातच राहतात.
पहिल्या दिवशी ऑफिसात शिपाई म्हणाला, साहेब, यंदा दहावीला बसताय का?

फास्टलोकल
हसून हसून पुरेवाट

निवृत्त_नाना
आमच्या लहानपणी बाभळीची काडी आणि राखुंडी. दात वाकडे असले तरी ऊस सोलायचे.

बटाटावडा
नाना, आता?

निवृत्त_नाना
आता कवळी. रात्री पेल्यात. म्हणजे तुमचं अलायनर आणि माझी कवळी एकाच पंगतीत बसतात, हलकेच घ्या.

खडूफळा
मी शिक्षिका, त्यामुळे अलायनर घेतले. वर्गात तारा दिसायला नकोत हा हेतू. पण पहिला आठवडा जीभ जड! हजेरीत शशांक, शिरीष, सुशांत ओळीने, आणि माझ्या तोंडून नुसती वाफ. मागच्या बाकांवरून लगेच नक्कल. दहाएक दिवसांत बोलणं ताळ्यावर आलं.
आणि "दिसत नाही" यावर फार विसंबू नकोस. दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक टेंगूळ चिकटवतात, अटॅचमेंट म्हणतात. माझ्या नऊ दातांवर होते. जवळून कळतात. सुरुवातीला अलायनर काढताना दोन नखं तुटली, मग प्लॅस्टिकचा आकडा घेतला.
सर्वांत मोठा पराक्रम: माटुंग्याला एका उडप्याकडे इडली खाताना दोन्ही टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवले. पोऱ्याने ताट उचललं. पुढची वीस मिनिटं मी, पोऱ्या आणि गल्ल्यावरचे काका असे तिघं मागच्या बाजूला उष्ट्याच्या बादलीत. सांबाराखाली सापडले! घरी आणले, तर सासूबाईंनी "जंतू मरतील" म्हणून उकळत्या पाण्यात टाकले. दोन मिनिटांत पापड. डॉक्टर म्हणाले आधीच्या नंबरचा सेट घाला, नवा येईपर्यंत. म्हणून जुने सेट टाकायचे नाहीत, लिहून ठेव.

कैरीपन्हं
अगं खडू, मी इथे गॅसपाशी एकटीच हसतेय, पोळी करपली.

चकलीचा_सोऱ्या
सिरॅमिक घेणार असशील तर हळदीचं ऐक. ब्रॅकेट (दातावर चिकटवलेली चकती) पिवळं पडत नाही, त्यावर तार बांधायची जी पारदर्शक रबरं असतात ती पडतात. एक जेवण आमटीचं, झालं. दर महिन्याला बदलतात, म्हणून मी अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी पोटभर कालवण खायचे आणि नंतरचे दोन दिवस दहीभात. दिवाळीत चकलीने मागचं ब्रॅकेट उडालं. माझंच नाव बघा आणि माझीच दशा.
तार घट्ट केली की दोन-तीन दिवस पोळीसुद्धा चावत नाही. त्या दिवसांत आंबोळ्या आणि खोबऱ्याचं दूध.

फास्टलोकल
आंबोळीचं प्रमाण दे ना. माझ्या नेहमी तव्याला चिकटतात.

दाढदुखी
मी दंतवैद्य आहे, ऑर्थोडॉन्टिस्ट नाही (त्यासाठी बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस लागतं, आधी ते विचारून घ्या). तरी थोडं.
दात हलतो कारण सततच्या हलक्या दाबाने एका बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हे चाळिशीतही होतं. मोठेपणी जबड्याची वाढ मात्र थांबलेली असते, त्यामुळे मुळात जबडाच पुढे-मागे असेल तर नुसत्या तारेने किंवा अलायनरने तो सरकत नाही. तिथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.
पन्हंताई, तुमचं रक्त येतंय ना? आधी हिरड्या. सुजलेल्या हिरडीवर दोन्हीपैकी काहीही सुरू करू नका.
दाटी थोडी असेल तर दोन दातांमधलं एनॅमल मिलिमीटरच्या काही दशांशांइतकं घासून जागा करतात, ऐकून दचकू नका. जास्त असेल तर उपदाढा काढतात. गोल सुळा फिरवायचा, एखादा दात खाली ओढायचा किंवा काढलेल्या दाताची जागा भरून काढायची, अशा कामांत तारेची पकड सहसा जास्त चांगली. अलायनरनेही होतं, पण कसरत असते.
आणि हे नक्की विचारा: ठरल्याप्रमाणे दात आले नाहीत तर पुन्हा स्कॅन करून जे जादा सेट लागतात, ते त्या पावणेदोन लाखांत धरलेत का?

खडूफळा
शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. माझे आधीचे २४ सेट, मग आणखी ११. माझ्यात धरलेले होते, मैत्रिणीच्यात नव्हते.

अंधेरीचा_उकाडा
माझी चूक ऐका. घरपोच किट मागवलं होतं. ठसे मीच घेतले, एक्स-रे नाही, प्रत्यक्ष डॉक्टर नाही. नऊ महिन्यांनी पुढचे दात रांगेत आले आणि दाढा एकमेकींना टेकेनात. शेवसुद्धा चावायची नाही, चघळायची. तक्रार केली की "कस्टमर केअर" नावाची मुलगी फोटो पाठवा म्हणायची. आता मुंबई सेंट्रलला नायर डेंटल कॉलेजात तारा लावल्यात. एमडीएसचे विद्यार्थी करतात, वर सर तपासतात. खर्च बाहेरच्यापेक्षा खूपच कमी, पण अर्धा दिवस जातो, ऑफिसात आधीच सांगून ठेवावं लागतं.
रबरंसुद्धा लावायची आहेत, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत. पाकिटावर कोल्ह्याचं चित्र आहे. मुलगी विचारते, बाबा आज कोल्हा की ससा?

धोबीघाट
तिकडे अमेरिकेतही झालं की. स्माईलडायरेक्टक्लब ही घरपोच अलायनरवाली कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, लोकांचे उपचार अर्धवट.
बाकी सगळेजण कुठल्याही अलायनरला इन्व्हिझलाइन म्हणतात, ते अलाइन टेक्नॉलॉजी या एकाच कंपनीच्या ब्रँडचं नाव आहे हो. कंपनी १९९७ला कॅलिफोर्नियात निघाली. आपल्या डालडासारखं झालंय.

निवृत्त_नाना
डालड्याच्या डब्यात आमच्याकडे तुळस होती.

मधलीफट
मी काहीच केलं नाही. पुढच्या दोन दातांत फट. आजी म्हणायची फटवाल्या नशीबवान असतात. नशीब अजून वाटेत आहे, सेंट्रलला अडकलं असेल. पण शिट्टी मस्त वाजते.

बटाटावडा
एक राहिलं. तारा काढल्या त्या दिवशी जीभ सारखी दातांवरून फिरत होती, काच पुसल्यासारखी. खुशीत रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून नंतर घालायचा साचा) पंधरा दिवस घातला नाही (हरवला नव्हता, खरंच, पँटच्या खिशात होता, पँट कपाटात होती). सापडल्यावर घालायला गेलो तर बसेना. खालचा एक दात पुन्हा तिरका. आता आतल्या बाजूने बारीक तार कायमची चिकटवून घेतलीय. तिच्याखाली साफ करायला तो छोटा बाटली-ब्रश लागतो.

दाढदुखी
रिटेनर म्हणजे उपचार संपला असं नव्हे. तारा असोत की अलायनर, तो दोघांनाही चुकत नाही. रात्रीचा तर वर्षानुवर्षं.

चकलीचा_सोऱ्या
@फास्टलोकल तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी. तवा बिडाचा घे. पहिली चिकटतेच, ती कावळ्याची.

कैरीपन्हं
सगळ्यांचे आभार, रात्री दीडपर्यंत वाचत होते. दाढदुखींचं ऐकून आज हिरड्यांची सफाई करून घेतली, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय, स्कॅन त्यानंतरच.
आईला फोन केला, डबी सापडल्याचं सांगितलं. म्हटलं, आता पारदर्शक निघालेत, काढता-घालता येतात. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "काढता येतील असं काही घेऊ नकोस. दप्तराचं मला तेव्हाच कळलं होतं."
तीस वर्षं बोलली नाही हो बाई! स्क्रू मात्र दर रविवारी फिरवत राहिली.
सिरॅमिक घेतेय.

फास्टलोकल
काकू ग्रेट.
सोऱ्या, उडीद आणि तांदूळ वेगळे भिजवायचे का एकत्र? आणि किती तास?