कचऱ्यातून ऊर्जा: भट्टीआधी बादलीत काय आहे ते पाहावे

धागाकर्ता

घराघरांतून निघणारा कचरा जाळून वीज केली, म्हणजे कचऱ्याचा आणि विजेचा असे दोन्ही प्रश्न एकदम सुटतील, हे मत सर्रास मांडले जाते. मला ते पटत नाही. माझा आक्षेप भट्टीच्या यंत्रणेवर नाही. भट्टीत नेमके काय जाणार आहे याची चौकशी न करताच ती उभारण्याचा आग्रह धरला जातो, यावर आहे.

उरलेले अन्न आणि साली-देठे यांसारख्या ओल्या कचऱ्यात वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. अशा एक किलो कचऱ्यातला पाव किलो कोरडा भाग जळून साधारण ४.५ मेगाजूल उष्णता देतो, पण बाकीच्या पाऊण किलो पाण्याची वाफ करण्यात त्यातले १.८ मेगाजूल खर्ची पडतात आणि हाती जेमतेम २.७ उरतात. याउलट, भट्टीत जाणाऱ्या कचऱ्याचे उष्मांक मूल्य (जळून हाती येणारी निव्वळ उष्णता) वर्षाच्या सरासरीने किलोमागे किमान ७ मेगाजूल असावे आणि कोणत्याही ऋतूत ते ६ च्या खाली जाऊ नये, अशी जागतिक बँकेची शिफारस आहे.

उदाहरणादाखल असे मिश्रण धरू: ६० टक्के ओला कचरा, १० टक्के प्लास्टिक, १० टक्के कागद आणि २० टक्के माती, काच, राख अशा न जळणाऱ्या वस्तू. मळक्या प्लास्टिकचे ३२ आणि कागदाचे १३ मेगाजूल धरले, तर सरासरी ६.१ येते. ही भट्टी कशीबशी पेटेल. पण याच मिश्रणातून प्लास्टिक पुनर्वापरासाठी बाजूला काढले की मूल्य ३.२ वर कोसळते. म्हणजे जी वस्तू वेगळी काढावी असे आपण घरोघरी सांगतो, तिच्याच जोरावर ही भट्टी जळते. वजनाने सहा दशांश असलेला ओला कचरा मात्र एकूण उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा देतो.

प्रतिसाद १

आपले गणित मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. भट्टीची तुलना आदर्श व्यवस्थेशी करून चालणार नाही. भट्टी नसेल तर तोच कचरा कुठे जातो, त्याच्याशी ती करावी लागेल. तो जातो डेपोवर. तिथे ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही, त्यामुळे ओला कचरा कुजताना मिथेन सुटतो. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या हिशोबाच्या रीतीने पाहिले, तर खोल आणि व्यवस्थित रचलेल्या ढिगात एक टन अन्नकचऱ्यातून काही वर्षांत सुमारे ५० किलो मिथेन तयार होतो.

आपल्याच मिश्रणाचा एक टन घेऊ. त्यातल्या ६०० किलो ओल्या कचऱ्यापासून ३० किलो मिथेन होईल. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट मानली जाते, म्हणजे हा वायू मोकळा सुटला तर ८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. तोच टन जाळला तर त्यातल्या १०० किलो मळक्या प्लास्टिकमधून साधारण सव्वादोनशे किलो कार्बन डायऑक्साइड निघेल. शिवाय कचऱ्याचे आकारमान सुमारे ९० टक्क्यांनी घटते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १८७४ मध्ये कचरा जाळण्याची पहिली मोठी भट्टी उभी राहिली, ती विजेसाठी नव्हे, तर साठलेल्या घाणीची विल्हेवाट लावण्यासाठी. वीज हा नंतर मिळालेला जोडलाभ आहे, आणि केवळ त्या लाभाच्या मापाने भट्टीला नापास करणे मला अन्यायाचे वाटते.

धागाकर्ता

आपण मांडलेला ३० किलो मिथेन पूर्णपणे ओल्या कचऱ्याचा आहे. प्लास्टिक डेपोवर पडून राहिले तर त्यातून मिथेन येत नाही. मग उपायही ओल्या कचऱ्यालाच लागू व्हायला हवा. तो कचरा बंद टाकीत कुजवला, तर टनामागे साधारण १०० घनमीटर बायोगॅस मिळतो आणि त्यात सुमारे ६० टक्के मिथेन असतो. म्हणजे ६०० किलोंमागे ३६ घनमीटर मिथेन, जवळजवळ १,३०० मेगाजूल. गॅस इंजिनाची कार्यक्षमता ३८ टक्के धरली, तर त्यातून १३५ युनिट वीज होते. तेच ६०० किलो भट्टीत घातले तर १,६०० मेगाजूल उष्णता मिळते खरी, पण फक्त वीज करणाऱ्या भट्टीची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे वीज ११० युनिटच पडते. टाकीतून वीज थोडी जास्तच मिळते, आणि नत्र व स्फुरद असलेला गाळ मातीत परत जातो. भट्टीत नत्र धुरावाटे निघून जाते आणि स्फुरद राखेत अडकते.

दुसरे असे की, आपल्या सव्वादोनशे किलोंच्या बदल्यात या मिश्रणाच्या एका टनातून साधारण ४२० युनिट वीज होते. म्हणजे युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड, आणि तोही खनिज तेलापासून झालेल्या प्लास्टिकचा. नैसर्गिक वायूवर चालणारे आधुनिक वीजकेंद्र याहून कमी सोडते. अशा विजेला ‘अक्षय ऊर्जा’ म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

प्रतिसाद २

या दोन मतांत पडण्याआधी आपण सारे ज्या टक्केवारीवर बोलत आहोत, ती येते कुठून याकडे लक्ष वेधू इच्छिते. कचऱ्याचे नमुने घेण्याचे काम मी काही काळ केले आहे. गाडीतून उतरवलेला ढीग मिसळून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचे आणि हाताळता येईल इतका नमुना उरला की तो हाताने वेगळा करून वजन करायचे, अशी ती पद्धत आहे. वजनाच्या काट्यावर ठेवलेले ‘प्लास्टिक’ बहुतेक वेळा पिशवी आणि तिला चिकटलेले ओले अन्न असे दोन्ही मिळून असते. कागदाने शेजारचे पाणी शोषून घेतलेले असते. त्यामुळे या दोन्ही वस्तूंचा वाटा नोंदीत फुगतो, आणि त्यांना कोरड्या पदार्थाचे उष्मांक मूल्य लावले की भट्टीचा अंदाज वाजवीपेक्षा आशादायक होतो.

त्याहून मोठी चूक जागेची आहे. घराच्या दारातला कचरा आणि प्रकल्पाच्या फाटकावरचा कचरा एक नसतो. वाटेत कचरावेचक पुठ्ठा, धातू आणि विकले जाणारे प्लास्टिक काढून घेतात, उघड्या गाडीत पावसाचे पाणी शिरते आणि रस्त्याची माती मिसळते. घरोघरी केलेल्या पाहणीचे आकडे घेऊन भट्टीचा आराखडा करणे म्हणूनच धोक्याचे आहे, आणि कोरड्या महिन्यांतल्या एकाच आठवड्याचे नमुने घेऊन करणे त्याहून धोक्याचे.

प्रतिसाद ३

मी भट्टीच्या बाजूने आहे, पण प्रतिसाद २ मधला प्रत्येक मुद्दा स्वीकारून. धागाकर्त्यांची टाकी ज्या कचऱ्यावर चालते तो स्वच्छ ओला कचरा असावा लागतो. पिशव्यांचे तुकडे, काच आणि वाळू गेली की पंप तुंबतात आणि टाकीच्या तळाशी थर साचतो. समजा, वर्गीकरण उत्तम झाले. तरी डायपर, सॅनिटरी पॅड, अनेक थर चिकटवून केलेली वेष्टने, माखलेले कापड, तुटकी पादत्राणे हे सारे उरतेच. ते कुजवता येत नाही आणि त्यातल्या बहुतेक वस्तूंचा पुनर्वापरही होत नाही. आपल्याच मिश्रणातून ओला कचरा काढला, तर बाकीच्याचे मूल्य ११ मेगाजूलच्या वर जाते. म्हणजे वर्गीकरणाने भट्टीचे इंधन सुधारते.

युरोपीय नियमांनुसार धूर किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सियस तापमानात राहावा लागतो, तो डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे मोडावीत म्हणून. भट्टीत ओला कचरा ओतला की तापमान घसरते आणि ते टिकवण्यासाठी जोडइंधन जाळावे लागते. तेव्हा ओला कचरा भट्टीत नको, हे भट्टीवाल्यांनीच सर्वांत आधी म्हणायला हवे. उष्णतेचाही उपयोग झाला तर हिशोब आणखी बदलतो: डेन्मार्कमधील कोपनहेगनचा ‘आमागर बाके’ हा कचरा जाळण्याचा प्रकल्प विजेबरोबर घरे तापवण्यासाठी गरम पाणी पुरवतो, त्यामुळे कचऱ्यातली बहुतेक ऊर्जा कामी येते.

धागाकर्ता

ओला कचरा वगळून उरलेल्यासाठी भट्टी, इथवर मी आपल्याबरोबर येतो. मात्र ११ मेगाजूलचा जो आकडा आपण दिलात, त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पुन्हा प्लास्टिकचाच आहे. पुनर्वापर होण्याजोगे प्लास्टिक त्यातून काढले की तो खाली येणारच. गरम पाण्याचा लाभही जिथे घरे तापवावी लागतात तिथलाच आहे. माझी खरी भीती आकाराची आहे. असा प्रकल्प पंचवीस वर्षे चालायचा असतो, आणि रोज ठरावीक टन कचरा देण्याची हमी नगरपालिकेने दिल्याशिवाय सहसा कोणी पैसा घालत नाही. आजच्या मिश्र कचऱ्याच्या मापाने भट्टी बांधली आणि उद्या वर्गीकरण सुधारले, तर हमीचा आकडा भरण्यासाठी वेगळा केलेला कचरा पुन्हा भट्टीत घालण्याचा मोह होईल. म्हणून तिची क्षमता उरणाऱ्या कचऱ्यावरच बेतावी.

प्रतिसाद १

आणि तो ‘उरणारा कचरा’ प्रत्यक्षात येईपर्यंतच्या दहा वर्षांत रोजचा मिश्र कचरा कुठे टाकायचा? डेपोशेजारी राहणाऱ्यांना हा प्रश्न आजच भेडसावतो आहे. क्षमता कमी ठेवावी हे मी मान्य करतो, पण एकाच मोठ्या भट्टीऐवजी लहान क्षमतेची एक रांग (म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा एक भट्टीसंच) आता उभारून दुसरीसाठी केवळ जागा राखून ठेवता येईल. तोवर डेपोवरचा वायू नळ्या घालून गोळा करण्याचे काम मात्र थांबता कामा नये, कारण तिथे आधीच पडलेला कचरा आपली चर्चा संपेपर्यंत कुजायचा थांबणार नाही.

प्रतिसाद २

दुसरी रांग बांधायची की नाही, हे प्रकल्पाच्या फाटकावर प्रत्येक ऋतूत घेतलेल्या नमुन्यांवरून ठरवावे, आणि त्यात पावसाळ्यातला सर्वांत ओला आठवडा असलाच पाहिजे, एवढी अट करारात लिहून घ्यावी.