आफ्रिकी कुरळे केस, नागपूरचं ऊन आणि महिन्याला तीनशे रुपये: काय वापरावं?

कंगवाक्लिप
नागपुरात घरगुती पार्लर आहे. शिकायला आलेल्या आफ्रिकी मुली हल्ली येऊ लागल्यात. केस अगदी बारीक वेटोळ्यांचे. ओढून धरले तर खांद्याखाली येतात, सोडले की कानाशी. आपल्याकडचं नेहमीचं, म्हणजे तेलाची चंपी, शिकेकाई, बारीक कंगवा, यातलं काहीच जमत नाही, कंगव्यात केसांचे तुकडे येतात. त्यांच्याकडची क्रीमं ऑनलाइन मागवायची तर परवडत नाहीत, महिन्याला तीनशेच्या वर त्या जाऊ शकत नाहीत. इथल्या बाजारात मिळणारं काय चालेल? धुवायची, विंचरायची नेमकी पद्धत काय? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. एकीला स्मूदनिंग हवंय, ते करावं का?

वेटोळं
ताई, आधी हे केस असे का वागतात ते बघा. केसाचं मूळ त्वचेच्या आतच वाकडं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. टाळूचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. इथे ते पहिल्या काही वळणांतच अडकतं. म्हणून एकाच डोक्यावर टाळू तेलकट आणि टोकं खरखरीत. शिवाय प्रत्येक वळण ही मोडायची जागा. डोकं भरगच्च दिसतं, पण ओढाताण सोसायची ताकद या केसात सगळ्यात कमी. "वाढतच नाहीत" ही तक्रार तुमच्या कानावर येईलच. मुळाशी वाढतात तेवढेच टोकाशी तुटतात, म्हणून लांबी जिथल्या तिथे राहते.

तीनशेतले निम्मे पैसे कंडिशनरवर घाला, तेलावर नको. कुठल्याही कंपनीची साधी मोठी बाटली चालेल. मागची यादी वाचा: पहिल्या पाच-सहा नावांत सीटिल किंवा सीटोस्टिअरिल अल्कोहोल आणि बिहेन्ट्रिमोनियमसारखं काही दिसलं की घ्या. अल्कोहोल वाचून बिचकू नका, हे स्निग्ध प्रकारचं असतं, केस मऊ करतं. कोरडं पाडणारं ते आयसोप्रोपिल किंवा 'अल्कोहोल डिनॅट'.

धुणं आठ-दहा दिवसांतून एकदा. आदल्या रात्री किंवा निदान अर्धा तास आधी दोन-तीन मोठे चमचे खोबरेल केसाच्या लांबीला लावा, टाळूला नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे पाण्यानं केस कमी फुगतो आणि धुताना प्रथिनं कमी जातात. बाकीची बहुतेक तेलं वरच बसतात. मग केसांचे सहा ते आठ भाग करा, प्रत्येक भाग सैल पिळून क्लिपमध्ये अडकवा. एका भागाचं सगळं आटोपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. शाम्पू एक भाग, पाणी तीन भाग, असं सॉसच्या रिकाम्या बाटलीत कालवा आणि नळी थेट टाळूवर टेकवून सोडा. बोटांच्या पेरांनी टाळू चोळा. लांबीला खाली वाहणारा फेस पुरतो. सगळे केस डोक्यावर गोळा करून घासलेत की संपलं, तो गुंता सोडवताना पाव केस जातील.

आता विंचरणं. कोरड्यावर कधीच नाही. पाणी निथळत असताना एका भागाला सढळ हातानं कंडिशनर लावा. खांद्यापर्यंतच्या केसांना एका वेळी ५० ते ६० मिली सहज लागतं. कंजूषपणा इथे करू नका. आधी बोटांनी गाठी मोकळ्या करा, मग रुंद दातांचा कंगवा टोकापासून. टोकाची दोन बोटं लांबी सुटली की त्याच्या वर दोन बोटं, असं करत मुळापर्यंत. दुसऱ्या हातानं वरचा भाग घट्ट धरून ठेवा, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. कंगवा अडला आणि 'कट' असा बारीक आवाज आला तर थांबा: तो केस तुटल्याचा आवाज आहे. तिथे आणखी कंडिशनर आणि पाणी, पुन्हा बोटं.

धुऊन झालं की टॉवेलनं घासायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टनं दाबून पाणी टिपा. लगेच, ओल असतानाच, चमचाभर कंडिशनर न धुता हातानं लावून ठेवा, त्यावर चार-पाच थेंब एरंडेल आणि खोबरेल अर्धं-अर्धं. तेल ओलावा आणत नाही, फक्त आत असलेला कोंडून ठेवतं. कोरड्या केसावर तेल थापून तसंच ठेवलं तर कोरडेपणाच कोंडला जातो. आपल्या चंपीची सवय इथे आडवी येते ती अशी.

जवसचटणी
वरच्या पद्धतीला पूरक म्हणून जेल. बाजारातल्या कर्ल क्रीमपेक्षा जवस स्वस्त आणि आपल्याकडे जवसाला तोटा नाही. इतवारीतून पाव किलो घेतलं तर सहा वेळचं होतं.

४० ग्रॅम, म्हणजे पोह्याचे साधारण चार चमचे जवस, अर्धा लिटर पाण्यात. भाजलेलं नको, चटणीसाठी कुटलेलं तर नकोच. गंजात, म्हणजे पातेल्यात, मध्यम आचेवर ठेवा, ढवळत राहा, नाहीतर बी तळाला धरतं. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं. चमचा उचलला की तार लोंबते. तिथेच गॅस बंद. 'अजून थोडं घट्ट होऊ दे' म्हणून ठेवलंत तर निवल्यावर असा गोळा होतो की गाळणीतून हलत नाही. गाळायचं गरम असतानाच, चहाच्या गाळणीतून किंवा जुन्या धुतलेल्या नायलॉन मोज्यातून. सुती फडक्यात अर्धं जेल वाया जातं. चुकून घट्ट झालंच तर बियांसकट पाऊण कप पाणी घालून पुन्हा एक उकळी आणा आणि लगेच गाळा.

यात टिकवणारं काही नसतं. फ्रिजमध्ये आठवडा, उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो आणि मग ते टाकायचं, डोक्याला लावायचं नाही. बर्फाच्या ट्रेत गोठवलं तर महिनाभर निघतं, एका डोक्याला चार-पाच खडे पुरतात.

लावताना केसावर पांढरे कण दिसले तर खालच्या कंडिशनरशी जेल फाटतंय. आधी तळहातावर दोन्हीचे थेंब घासून बघा: गुळगुळीत राहिलं तर ठीक, दही फाटल्यासारखं झालं तर कंडिशनरचं प्रमाण कमी करा. जेल लावून दोन पेडी पिळे घाला, पूर्ण वाळू द्या. ओलसर असताना सोडले तर सगळी मेहनत तासाभरात फुगून जाते.

सावजी_तडका
एवढा खटाटोप काहून बाप्पा? शिकेकाई, रिठा, आवळा एकत्र भिजवून लेप लावायचा, महिन्यातून एकदा मेंदी. आपल्या आज्या हेच करून राहिल्या होत्या, कंबरेपर्यंत केस होते.

वेटोळं
भाऊ, आज्यांचे केस सरळ होते. वाटलेली पूड या वेटोळ्यांत अडकते आणि दोन बादल्या पाण्यानंही निघत नाही. मग वाळल्यावर कणकण झाडताना केस तुटतात. शिकेकाई-रिठ्याचा काढा करून दोनदा गाळून वापरा, तो चालेल, पण त्यानंतर कंडिशनर दुपटीनं लागेल, कारण रिठा तेल साफ ओढून नेतो. मेंदीनं केस ताठर होतो, वेटोळं सैल पडतं आणि कोरडेपणा वाढतो. 'काळी मेंदी' म्हणून पुड्या मिळतात त्यांत बहुधा पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, त्यानं टाळू सुजू शकते.

मुलतानी माती, खाण्याचा सोडा, अंगाचा साबण ही तिन्ही बाद. साबण आणि सोडा क्षारधर्मी, केसाचे खवले उघडे पाडतात. बोअरच्या पाण्यात तर साबणाचा चिकट साका बसतो. अंडं लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यातलं प्रथिन केसात शिरण्याइतकं लहान नसतं, आणि गरम पाणी ओतलं तर ते केसातच शिजतं.

कोरफड मात्र घ्या. पान कापल्यावर पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, त्यानंच खाज येते. गर मिक्सरमधून काढून गाळायला विसरू नका.

प्रयोगवही
स्मूदनिंगबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ताई, आधी तिला एकच विचारा: यापूर्वी कधी रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणारं क्रीम, लावलं होतं का? त्यांच्याकडे मिळणारी बरीच रिलॅक्सर सोडियम हायड्रॉक्साइडची किंवा तशाच तीव्र अल्कलीची असतात. आपल्या पार्लरमधलं रिबाँडिंग, स्ट्रेटनिंग हे बहुतेक थायोग्लायकोलेटचं. ही दोन रसायनं एकमेकांवर चालत नाहीत. हायड्रॉक्साइडनं केसातले बंध कायमचे बदललेले असतात, त्यावर थायो गेलं की केस ओल्या शेवयांसारखा लिबलिबीत होऊन हातात येतो. लांबीतला जुना भाग कापून पूर्ण गेला नसेल तर हात लावू नका. केराटीनच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच उपचारांत फॉर्मॅल्डिहाइड किंवा गरम केल्यावर ते सोडणारं काही असतं; छोट्या बंद खोलीत ते रोज तुमच्याच नाकात जाणार. तिला लांबी दिसायला हवी असेल तर रसायनाशिवाय दुसरी वाट आहे, ती खाली कोणीतरी सांगेलच.

बोअरच्या पाण्याचं: गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल तर तोच केसावरही बसतोय. शेवटच्या पाण्यात अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, ओता, दोन मिनिटांनी साधं पाणी. लिंबू पिळू नका, प्रमाण सांभाळता येत नाही आणि उन्हात गेलं तर त्वचेला त्रास. आरओचं पिण्याचं पाणी लिटरभर शेवटी वापरलं तर उत्तम. नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नको, सगळा क्षार त्यातच असतो.

ग्लिसरीनही ऋतू बघून. मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की ग्लिसरीनला हवेतून ओढायला पाणीच मिळत नाही, केस उलट चरचरीत लागतात. एप्रिल ते मध्य जून ते बंद. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, हवेतलं पाणी ओढून केस फुगतात, तेव्हाही अगदी थोडं. ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च हा त्याचा खरा हंगाम. २०० मिली पाण्यात एक छोटा चमचा पुरे.

सुईदोरा
ती दुसरी वाट म्हणजे दोरा. नायजेरियातल्या योरुबा लोकांत याला 'इरुन किको' म्हणतात. किंचित ओलसर केसांचा एकेक भाग घेऊन मुळापासून टोकापर्यंत जाड दोरा गुंडाळत न्यायचा, टोकाला गाठ. वाळल्यावर सोडला की केस ताणून लांब झालेले असतात, ना आच लागते ना रसायन. साधी लोकर नको, ती पाणी शोषते आणि तिचे धागे केसात अडकतात. नायलॉनचा गुळगुळीत दोरा घ्या. मुळाशी पहिले दोन वेढे सैल ठेवायचे.

वेण्या घालत असाल तर कपाळ आणि कानशिलाकडचे बारीक केस त्यात ओढू नका. घातल्यावर डोकं ठणकतंय किंवा मुळाशी पांढरे बारीक फोड दिसताहेत, म्हणजे वेणी घट्ट झाली; 'दोन दिवसांत सैल होईल' म्हणून पाठवू नका, तिथेच सोडा. अशा ओढीनं कानशिलावरचे केस जातात आणि खूप दिवस चाललं तर परत येत नाहीत. नकली केस जोडायचे असतील तर आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या; त्यावरच्या लेपानं कितीतरी जणींना खाज सुटते.

वेण्या ठेवायच्या सहा आठवडे, फार तर आठ. सोडताना घाबरगुंडी उडेल इतके केस निघतात. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचं, वेणीत ते अडकून राहतात, म्हणजे सहा आठवड्यांत दोन ते चार हजार. टक्कल पडत नाही. पण मुळाशी मळ आणि गळलेल्या केसांचं जे कडं झालेलं असतं ते पाणी लागायच्या आधी थोडं तेल-कंडिशनर लावून बोटांनी सोडवा. तसंच ओलं केलंत तर त्याची जट होते, मग कात्रीच.

रात्रीसाठी सॅटिनची टोपी. सुती उशी ओलावा पिते आणि केस घासते. गांधीबागेत अस्तराचं सॅटिन मीटरवर मिळतं. ४४ इंच पन्ह्याचं दीड मीटर घ्या: ६५ सेंटीमीटर व्यासाचा एक गोल, कडेला नेफा, त्यात ५० सेंटीमीटर इलॅस्टिक. उरलेल्यात एक उशीची खोळ बसते. इलॅस्टिकचा वळ कपाळावर उठत असेल तर दोन सेंटीमीटर वाढवा.

कंगवाक्लिप
सगळ्यांना धन्यवाद. स्मूदनिंगला नाही सांगते. एक राहिलं: एकीच्या टाळूवर कोंडा आहे, खवले पिवळट, चिकट. तेल लावू का? आणि मधल्या दिवसांत रोज काय करायचं?

वेटोळं
तेल नको. असा कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते. औषधाच्या दुकानातला कीटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून एकदा, फक्त टाळूवर, पाच मिनिटं ठेवून धुवा. लांबीला आधीच कंडिशनर लावून ठेवा म्हणजे ती कोरडी पडत नाही. चार आठवड्यांत फरक नाही पडला किंवा गोल चट्टे दिसले तर त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा.

रोजचं फार काही नाही. स्प्रेच्या बाटलीत २०० मिली पाणी आणि दोन छोटे चमचे कंडिशनर, दर दोन दिवसांनी हलका फवारा, हातानं दाबायचं, रात्री पिळे घालून टोपी. हे पाणी चार दिवसांनी बदला. झोपताना कूलरचा झोत डोक्यावर घेऊ नका. आणि मध्येच कंगवा फिरवायचा मोह झाला तर पुढच्या धुण्यापर्यंत थांबा.