आमच्या हायवेवरचा कट 'ब्लॅक स्पॉट'च्या यादीत कसा येईल?

कपाशीवाला:
राम राम मंडळी. गाव पारोळा-एरंडोलच्या मधलं, नाव टाकत नाही. हायवे चौपदरी झाला आणि अर्धं शिवार पलीकडे गेलं. जायला दुभाजकातला एक कट, तिथे ना दिवा ना फलक. वेचणीत संध्याकाळी बायका डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन दुभाजकावर ताटकळतात, सुरतकडचे ट्रक हॉर्न दाबत निघून जातात. एका ऑफिसात अर्ज दिला तर म्हणे, 'तुमची जागा ब्लॅक स्पॉटच्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागांच्या, यादीत नाही.' ही यादी करतं कोण?

धुळेकर_भाऊ:
भुयारी मार्ग मागा, विषय संपला.

कपाशीवाला:
भाऊ, मागितला. तिथूनच तर यादी निघाली!

रिटायर_हवालदार:
दादा, यादी पोलिसांच्या नोंदीवरून होते. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात, नाहीतर एकूण १० मृत्यू झाले, तर ब्लॅक स्पॉट. आपल्याकडे काय होतं, मोटरसायकलवाल्याचा पाय मोडला की दोन्हीकडचे टपरीवर बसतात, 'कोर्टात कोण चकरा मारेल' म्हणत मिटवतात. पाय मोडला तो मोडलाच, कागदावर मात्र रस्ता ठणठणीत! तेव्हा नोंद कराच. आणि नुसतं 'अमुक गावाजवळ' लिहू देऊ नका. किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगा, नाहीतर अपघात भलत्याच पट्ट्यात जमा होतो.

रावेरची_ताई:
म्हणजे पाच जण आडवे होईपर्यंत वाट बघायची? भारी धोरण आहे.

रिटायर_हवालदार:
नाही ताई. ग्रामसभेचा ठराव घ्या, सोबत कटाचे रात्रीचे फोटो लावा आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसाठी कलेक्टर ऑफिसला द्या, पोच घ्या. ब्लिंकर, रिफ्लेक्टर, रंबलर (गाडीला हादरे देणाऱ्या रस्त्यावरच्या पट्ट्या) यांना यादी लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलंय: रस्त्याच्या डिझाइनचे, देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. ठरावात हे कलम टाकाच, कागद जरा लवकर हलतो.

कपाशीवाला:
आणि जे अपघात मिटवून बसलो त्यांचं काय?

रिटायर_हवालदार:
जखमी सरकारी दवाखान्यात गेला असेल तर एमएलसी (दवाखान्यातली मेडिको-लीगल केसची नोंद) झाली असेल, तिची खबर पोलीस ठाण्याला जाते. तारीख सांगून ती काढायला लावा. खाजगीत नेलं असेल तर अवघड आहे.