अनुदानाची योजना निवडताना कामाचा टप्पा आधी पाहावा

संशोधन अनुदानाचा प्रस्ताव लिहिण्याचे कष्ट सगळीकडे सारखेच पडतात, तेव्हा सर्वाधिक रक्कम देणाऱ्या योजनेतच अर्ज करावा, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही, कारण परीक्षक रकमेआधी काम कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहतात. पुण्यातील माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेने थुंकीच्या नमुन्यावर चालणाऱ्या निदानपट्टीचा प्रस्ताव मूलभूत संशोधनाच्या योजनेत पाठवला होता. ‘यातून नवे ज्ञान कोणते मिळणार?’ एवढा एकच शेरा घेऊन तो परत आला. काम उत्तम होते, दार चुकले होते. अशा वस्तुरूप कल्पनेसाठी बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेची ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) योजना आहे: संकल्पना सिद्ध करण्यासाठी 18 महिन्यांत कमाल 50 लाख रुपये मिळतात, मात्र ती उद्योजक आणि नवउद्योगांसाठी असल्याने पात्रतेच्या अटी आधी नीट वाचाव्यात. पाषाणचे व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना पाठबळ देणारे केंद्र तिचे भागीदार आहे, त्यामुळे पुणेकरांना तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारता येते. याउलट, आजार का होतो हाच प्रश्न असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बाह्य संशोधन अनुदाने, म्हणजे परिषदेबाहेरच्या संशोधकांना मिळणारी अनुदाने, अधिक योग्य ठरतात.

आणखी एक गोष्ट, जी नवख्या संशोधकांना फार उशिरा कळते: उपकरणे आणि आवर्ती (पुन्हा पुन्हा होणारा) खर्च हे अंदाजपत्रकातले वेगळे शीर्ष असतात, आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेली रक्कम ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. म्हणून प्रतिपिंडे, रसायने यांचा खर्च वर्षनिहाय मांडतानाच संस्थेच्या लेखा विभागाला सोबत घ्यावे.