मदत हवी आहे: गप्प मुलींचा प्रतिसाद ओळखायचा कसा?
मी आठवीला गणित शिकवते. मराठी माध्यम, पट ५२, तास ३५ मिनिटांचा. अमेरिकन शिक्षणतत्त्वज्ञ नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या काळजीच्या नीतिविचारात एक अट आहे: शिक्षकाने कितीही जीव लावला, तरी विद्यार्थ्याला तो जाणवून त्याचा प्रतिसाद आल्याशिवाय ते नातं पूर्ण होत नाही. मला ही अट फार मोलाची वाटते. ती नुसत्या चांगल्या हेतूवर थांबत नाही.

तास संपताना ‘आज कुठे अडलं?’ अशा चिठ्ठ्या घेतल्या, गणितं जोडीने सोडवायला दिली. बोलकी मुलं खुलली. मागच्या बाकांवरच्या काही मुली मात्र कोरी चिठ्ठी देतात. बऱ्याच घरांत स्मार्टफोन नाही, म्हणून ऑनलाइन उपाय नकोत. सगळ्यांसमोर विचारलं तर त्या आणखी मिटतात.

अशा मुलींचा प्रतिसाद तुम्ही कशावरून ओळखता, आणि त्यावरून पुढचा तास नेमका कसा बदलता?